इंदूरचा सराफा: गाइडबरोबर की आपापलं?

सराफा म्हणजे इंदूरची दिवसा सोन्याची आणि रात्री खाऊची गल्ली. तिथे काय खावं हे आता कुणाला सांगावं लागत नाही, यादी प्रत्येकाच्या मोबाइलवर तयार असते. अडतं ते दुसरीकडेच. होळकरांच्या राजवाड्यापासून निघून जुन्या बाजारातून फिरवत, थांबत थांबत खाऊ घालणारे फूड वॉक असतात. त्यातला एखादा घ्यावा, की रात्री दहाला आपणच गल्लीत शिरावं? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्यांदा मी आणि बायको आपापले गेलो, दुसऱ्यांदा मित्रांच्या आग्रहाखातर गाइडबरोबर.

आपापलं गेलो तेव्हा फजितीच झाली. दुपारपासून पोट रिकामं ठेवून गेलेलो, आणि तोंडाशीच दिसला जलेबा. जिलबीच, पण एकेक वेटोळं पाव किलोच्या वर. वर रबडी घ्या म्हणाला, घेतली. मग खोपरा पॅटिस. मग जरा पचायला हलकं म्हणून शिकंजी मागवली. आम्ही समजत होतो लिंबू सरबत. हातात आला दुधाचा, सुकामेव्याने भरलेला दाटसर ग्लास. इंदुरात शिकंजी म्हणजे हेच, हे आम्हाला कोण सांगणार? भुट्ट्याच्या किसापर्यंत पोचलो तेव्हा फक्त दुसऱ्यांच्या द्रोणांकडे बघणं उरलं होतं.

गाइड असं होऊ देत नाही, हे मान्य करायला हवं. तिखट आधी, गोड नंतर, द्रोण वाटून घ्यायचा, मध्ये चालायचं. शिवाय आमचा गाइड बोलायला गोड आणि माहीतगार होता. राजवाड्यासमोर आपण मराठी माणसं जरा मालकी हक्कानेच उभे राहतो, पण मल्हाररावांनी १७४७ साली काम सुरू केलं आणि सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, हे माझ्या लक्षात त्यानेच आणून दिलं. वाडा पुन्हा पुन्हा का जळला, अगदी १९८४ पर्यंत, ते मग वेगळं विचारावं लागलं नाही. सराफ्यातले ओटेही त्यानेच दाखवले. दिवसभर आत सोन्याचा काटा चालतो, रात्री शटर खाली आलं की त्याच पायरीवर कढई चढते. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली तर दुकानं आपोआप राखली जातात, म्हणून सराफांनी खाऊवाल्यांना बसू दिलं, असं तिथे सांगतात.

आणि साबुदाण्याची खिचडी. इंदूरला जाऊन साबुदाणा कोण खातं? मी तर सरळ पुढे गेलो असतो. त्याने थांबवलं. तुपात परतलेली, दाण्याच्या कुटाची आपली खिचडी ही नव्हे. वाफेवर मऊ ठेवलेला साबुदाणा, मागितल्यावर त्यात मसाला, फराळी चिवडा आणि लिंबू कालवून देतात. नावं ठेवायच्या तयारीने पहिला घास घेतला आणि द्रोण पुसून खाल्ला.

इतकं सगळं असूनही माझं घोडं अडलं ते गराडूपाशी.

गराडू हिवाळ्यातच मिळतं. कंदाचे तुकडे आधी तळून ठेवलेले असतात, तुम्ही मागितले की पुन्हा कढईत, मग मसाला, लिंबू, दोनदा उसळवलं की द्रोणात. बाहेर खरपूस, आत पिठूळ. पण त्याचा जीव दोन मिनिटांचा. आम्ही अकराजण. द्रोण आले, वाफ निघत होती, मित्राचा हात पुढे गेला आणि गाइड म्हणाला, ‘एक मिनिट, आधी याची गोष्ट ऐका.’ हात मागे. गोष्ट चांगली होती, खोटं का बोला. गोष्टीनंतर फोटो झाला, मग टूथपिकने प्रत्येकी दोन तुकडे. माझ्या वाट्याचे दाढेखाली चिवट झालेले.

तो त्या गाइडचा स्वभाव असेल, सगळेच असे नसतील. पण अकरा माणसं म्हटली की कुणीतरी मागे राहणार, कुणीतरी पैशांचं बोलत असणार, कुणाला कांदा नको असणार. दहीवड्यापाशी तेच. जोशींच्या दुकानात द्रोण हवेत उडवून झेलतात, एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले सोडतात. मला मात्र मागून पुढच्यांचे मोबाइल दिसले आणि हातोहात पोचलेला वडा मिळाला. आवडला तर ‘आणखी एक द्या’ म्हणायचीही सोय नाही, पुढचा थांबा खोळंबलेला असतो.

सोबत वयस्कर आई-वडील असतील, बाहेरदेशचे पाहुणे असतील, किंवा इंदुरात एकच रात्र हातात असेल तर वॉक घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. फक्त किती जणांचा गट आहे ते आधी विचारा. सहाच्या वर असेल तर मी तरी टाळेन. वॉक सराफ्यातच संपत असेल तर उत्तम, संपल्यावर रेंगाळता येतं. इतरांनी राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची समाधिस्मारकं, दिवसाउजेडी एखाद्या जाणकाराबरोबर बघाव्यात आणि रात्र स्वतःसाठी ठेवावी, असं आपलं मला वाटतं.

गेल्या जानेवारीत आम्ही तिसऱ्यांदा गेलो, दोघंच. तिखट आधी, दोघांत एक द्रोण, जलेबा शेवटी, सगळं पाठ करून. गराडूवाल्याच्या कढईला जवळजवळ चिकटूनच उभा राहिलो. पहिला तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं. ‘अहो, फुंकर तरी मारा,’ बायको म्हणाली. तोवर मी दुसरा द्रोण सांगितला होता, मग तिसरा. भुट्ट्याचा कीस याही वेळी राहिलाच.