पीएसएमए पेट स्कॅन: गॅलियमचा करायचा की फ्लोरिनचा?

वडिलांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी पीएसएमए पेट (प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधून रोग कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) लिहून दिलाय. दोन सेंटरना फोन केला तर एक म्हणतं गॅलियम, दुसरं म्हणतं फ्लोरिन. म्हणजे स्कॅनआधी शिरेतून देतात त्या औषधातला (ट्रेसरमधला) किरणोत्सर्गी घटक. आता?

जुना बोन स्कॅन आणि सीटी पुरेल का, हा प्रश्न आधी निकालात काढू. ऑस्ट्रेलियातल्या प्रोपीएसएमए चाचणीत जास्त धोक्याच्या ३०२ रुग्णांवर दोन्ही पद्धती पारखल्या. निष्कर्ष २०२० साली आले. गॅलियम पीएसएमएची अचूकता ९२ टक्के, जुन्या जोडीची ६५. शिवाय किरणोत्सर्गाचा डोस निम्म्याहून कमी. रोग जास्त धोक्याचा असेल आणि खर्च झेपत असेल, तर पीएसएमएच.

गॅलियम-६८ छोट्या जनरेटरमधून (विजेचा नव्हे, गॅलियम मिळवायचं उपकरण) हॉस्पिटलातच काढता येतं. पण दर ६८ मिनिटांनी ते निम्मं होतं, त्यामुळे एका खेपेत मोजकेच रुग्ण होतात. फ्लोरिन-१८ ला सायक्लोट्रॉन (किरणोत्सर्गी घटक बनवणारं मोठं यंत्र) लागतो. मात्र त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून ते गाडीने दुसऱ्या सेंटरला पाठवता येतं.

खरा फरक पडतो तो लघवीमुळे. गॅलियमचा ट्रेसर मूत्रपिंडांतून मूत्राशयात उतरतो आणि तो भाग स्कॅनवर लखलखतो. शेजारी बारीकशी गाठ असेल तर ती त्या उजेडात लपू शकते. म्हणून बऱ्याच ठिकाणी लघवी होण्याचं औषध देतात आणि टेबलावर घेण्याआधी बाथरूमला पाठवतात. फ्लोरिनचा पीएसएमए-१००७ मुख्यतः यकृतावाटे जातो. ऑपरेशन झालंय, पीएसए (रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन) पुन्हा चढतोय आणि संशय तिथल्याच जागेवर आहे, अशा वेळी मी १००७ कडे झुकेन.

पण नुसतं ‘फ्लोरिन’ ऐकून हो म्हणू नका. अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेला पायफ्लुफोलास्टॅटही फ्लोरिनचाच, आणि तो लघवीवाटेच जातो!

१००७ ची खोड हाडांत आहे. बरगडीत एखादा फिकट ठिपका दिसतो, सीटीत तिथे काहीच नसतं, आणि रिपोर्टात ‘हाडात पसरल्याची शक्यता’ असं येऊन घरात रडारड होते. असे एकटे ठिपके पुष्कळदा निरुपद्रवी निघतात. त्यावरून उपचार बदलण्याआधी दुसऱ्या न्यूक्लिअर मेडिसिन तज्ज्ञाला दाखवाच. सगळा प्रश्न हाडांचाच असेल तर गॅलियम बरं.

आधीचा स्कॅन झालेला असेल, तर शक्यतो त्याच ट्रेसरचा पुन्हा करा, म्हणजे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वाचता येतील. आणि चांगल्या सेंटरला एकच ट्रेसर उपलब्ध असेल, तर दुसऱ्यासाठी महिनाभर थांबू नका.