वीजबचतीचे स्वस्त सेन्सर: आधी खोलीत की मुख्य फलकावर?

सार्वजनिक इमारतीसाठी सेन्सर घ्यायचे ठरले की पहिली मागणी असते ती माणसाची चाहूल घेणाऱ्यांची. खोली रिकामी झाली की दिवे बंद होतात, साहेबांनाही लगेच दाखवता येतं. माझं मत उलट आहे. पहिला पैसा मुख्य वितरण फलकावरच्या (जिथून साऱ्या इमारतीला वीज वाटली जाते) सीटी क्लॅम्पवर, म्हणजे वायरमधला प्रवाह मोजणाऱ्या चिमट्यावर घालावा.

क्लॅम्प वायरभोवती अडकवायचा असतो, वायर तोडावी लागत नाही. तरीही फलक उघडायचा म्हणजे इलेक्ट्रिशियन हवाच. थ्री-फेज जोडणीत प्रत्येक फेजला वेगळा क्लॅम्प लागतो. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले, तर आकडा शून्याजवळ येतो आणि घेणारा सेन्सरला दोष देत बसतो! नीट बसवला की इमारत बंद असताना किती वीज जाते ते कळतं: चालू राहिलेला पंप, थंड पाण्याची मशीन, सर्व्हर, कुणीतरी विसरलेला एसी. खोलीतल्या सेन्सरना यातलं काहीच दिसत नाही. उणीव एकच, पण मोठी: नुसता क्लॅम्प फक्त प्रवाह मोजतो. मोटारींचा भार जास्त असेल तर व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टरही (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) मोजणारा मीटर घ्यावा, नाहीतर युनिटचा हिशेब चुकतो.

आता खोल्या. पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा सेन्सर) सगळ्यात स्वस्त, बॅटरीवर दीर्घकाळ चालतो. जिने, स्वच्छतागृहं, कॉरिडॉर यांना तोच पुरे. वाचनालयात मात्र वाचक स्तब्ध बसला की पीआयआरच्या लेखी खोली रिकामी. तिथे मिलिमीटर-वेव्ह रडार बरं, श्वासाची हालचालही त्याला पुरते. पण ते पंख्याला आणि हलत्या पडद्यालाही माणूस समजतं, पातळ पार्टिशनपलीकडचंही टिपतं, आणि त्याला बहुधा कायम वीज द्यावी लागते.

सभागृहातल्या एसी-व्हेंटिलेशनसाठी कार्बन डायऑक्साइड सेन्सर उत्तम, दिव्यांसाठी फार संथ. एनडीआयआर प्रकारचाच (अवरक्त प्रकाशाने तो वायू थेट मोजणारा) घ्यावा. ‘ईसीओटू’ लिहिलेले स्वस्त सेन्सर इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. चोवीस तास गजबजलेल्या इमारतीत एनडीआयआरचं आपोआप होणारं कॅलिब्रेशन (आकडा जुळवून घेणं) बंद ठेवावं, कारण अधूनमधून ताजी हवा मिळेल असं ते धरून चालतं.

जोडणीबद्दल थोडक्यात: चार-पाच सेन्सर असतील तर वायफाय चालेल, फक्त पासवर्ड बदलला की सगळे एकदम मुके होतात. तळघर, गच्ची, लांबच्या इमारती असतील तर लोरावॅन (कमी विजेत दूरवर पोचणारं बिनतारी जाळं). आणि आकडे कंपनीच्या क्लाउडशिवाय थेट मिळतात का, हे ऑर्डर देण्याआधीच लेखी विचारून घ्यावं.