स्टिकरखालचा आकडा

दोन हजार शंभर रुपये मोजून मी बांधकामावरचं हेल्मेट घेतलं आणि वर्षभर ते घालून कडे चढले. दोष दुकानदाराचा आहेच, पण थोडा माझ्या अंबाड्याचाही.

माझे केस दाट. ग्रुपमधली जुनी हेल्मेटं एकतर कपाळावरून मागे सरकायची, नाहीतर अंबाड्यात रुतायची. साताऱ्यातल्या एका दुकानात हे लालभडक हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि हायसं वाटलं. आत पट्ट्यांची जाळी, मागे आवळायचं चाक. हनुवटीचा पट्टा न लावता मान खाली घालून डोकं हलवलं, तरी जागचं हललं नाही. ही परीक्षा सिनियर्सनी शिकवलेली. त्यात ते पास झालं म्हटल्यावर पुढचं काही बघायचं मला सुचलंच नाही. बाजूला चकचकीत स्टिकर होता, ‘ईएन १२४९२’. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं युरोपीय मानक तेच.

“एक्स्पोर्टचा माल आहे ताई, मुंबईत चार हजाराला जातोय,” दुकानदार म्हणाला. पावतीवर मात्र नुसतं ‘हेल्मेट १ नग’. तीही मी मुकाट घडी करून ठेवली.

पावसाळा संपता संपता जवळच्याच एका कड्यावर सराव चालला होता. आडवं सरकताना पाय सुटला. रोपनं धरलं, पण झोका बसला. हेल्मेटची कड कपारीत अडकली, बक्कल सुटलं आणि ते टणाटण उड्या मारत खाली करवंदीच्या जाळीत गेलं. पुढच्या क्षणी डोकं बाजूनं कातळावर आपटलं. कानामागे चार टाके.

मित्रानं हेल्मेट शोधून आणलं. स्टिकरचा कोपरा खरवडला होता, तो मी नखानं ओढला. खाली प्लास्टिकमध्येच उमटवलेलं होतं: ईएन ३९७.

हे कारखाना-बांधकामाचं मानक. ते वाईट नाही, त्याचं काम वेगळं. तिथं हेल्मेट कशात अडकलं तर पट्ट्यानं गळा आवळू नये म्हणून तो १५० ते २५० न्यूटनच्या ओढीला मुद्दाम सुटतो, म्हणजे साधारण १५ ते २५ किलोंच्या. कड्यावर नेमकं उलटं हवं; १२४९२ चा पट्टा ५०० न्यूटनला टिकावा लागतो. त्या हेल्मेटला पुढून, मागून, बाजूनंही आदळून तपासतात. माझ्या हेल्मेटचा सगळा भर टाळूवर पडणाऱ्या वस्तूवर.

टाके काढल्यावर दुकानात गेले. “स्टिकर मागूनच लागून येतात, ताई. आणि लागलं ते हेल्मेट निघाल्यावरच ना?” यावर काय बोलणार! ग्राहक तक्रारीचा फोन नंबर १९१५ ठाऊक होता, पण पावतीवर ना जीएसटी क्रमांक, ना मालाचं नाव. मी तक्रार केली नाही, ही माझी दुसरी चूक.

नवं घेताना आतून-बाहेरून बोटं फिरवली. लेबल चिकटवलेलं असण्यात गैर काही नाही, अस्सल हेल्मेटातही असतं. पण सोबतच्या माहितीपत्रकात तोच आकडा हवा, आणि प्लास्टिकवर दुसरा नको. बनवल्याचं वर्षही पाहिलं. अंबाडा गेला, आता खाली वेणी घालते, म्हणजे हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं सरळ बसतं.

परवा त्या दुकानावरून गेले. तसंच एक पिवळं टांगलंय. स्टिकर जरा तिरका लागलाय.