खर्च शोधायचाय: अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडावीत की विनियोजन लेखे?

महाराष्ट्र सरकारनं एखाद्या कामावर खरोखर किती पैसा खर्चला, हे बघायला तीन ठिकाणं आहेत: अर्थसंकल्पाची पुस्तकं, वित्त लेखे (वर्ष संपल्यावर राज्याच्या जमाखर्चाचा एकत्रित हिशोब) आणि विनियोजन लेखे (विधिमंडळानं मंजूर केलेली रक्कम आणि झालेला खर्च यांची तुलना). तिन्ही चाळायला वेळ नसेल तर आधी काय उघडावं, एवढाच इथे प्रश्न.

अर्थसंकल्पाची पुस्तकं ताजी असतात आणि बारीकही. वेतन, प्रवासखर्च, सहायक अनुदान असं प्रत्येक योजनेखाली सुटं दिसतं. चालू वर्षाबद्दल बोलायचं तर दुसरा इलाज नाही. पण ती वापरताना एक गोष्ट इतकी छळते की माझं मन तिथेच फिरलं. मार्च 2025 मध्ये आलेलं 2025-26 चं पुस्तक घ्या. त्यात 2023-24 च्या प्रत्यक्ष रकमा, 2024-25 चा मूळ आणि सुधारित अंदाज आणि 2025-26 चा अंदाज असे रकाने असतात. 2023-24 चा मूळ अंदाज मात्र त्यात नाही. तो मागच्या पुस्तकांत. म्हणजे जे ठरवलं आणि जे झालं, ते एकाच वर्षाचे दोन आकडे एका ओळीत कधीच येत नाहीत. दोन पुस्तकं शेजारी ठेवून जुळवायला बसावं, तर मधल्या काळात योजनेचं नाव किंवा सांकेतांक बदललेला असतो आणि ओळच सापडत नाही. सुधारित अंदाजावर विसंबू नये. तो वर्ष संपायच्या आत केलेला असतो, त्यामुळे मार्चमधली घाई त्यात उतरतेच असं नाही.

म्हणून माझी पसंती विनियोजन लेख्यांना, तिथे हीच जुळवणी करून दिलेली असते. प्रत्येक मागणीखाली (मागणी म्हणजे खात्यानं विधिमंडळाकडे मागितलेल्या खर्चाचा गट) महसुली आणि भांडवली, दत्तमत (मतदानानं मंजूर होणारा) आणि भारित (मतदानाला न टाकता होणारा) असे भाग, आणि समोर मूळ अनुदान, पुरवणी (वर्षाच्या मध्ये मंजूर झालेली वाढीव रक्कम), प्रत्यक्ष खर्च, बचत किंवा जादा. खाली शीर्षवार (म्हणजे खर्चाच्या एकेका सदरानुसार) तपशिलात पुनर्विनियोजनही, म्हणजे एका शीर्षाचे पैसे दुसरीकडे वळवणंही, येतं. समजा मूळ 100 कोटी, पुरवणी 20 कोटी आणि खर्च 92 कोटी. बचत 28 कोटी दिसते, पण खरी बातमी ही की पुरवणी मागणीची गरजच नव्हती. पुनर्विनियोजनाच्या जागी उणे आकडा आणि त्याच शीर्षाखाली जादा खर्च असेल तर तिथे थांबा: नको म्हणून पैसे परत केले, आणि बिलं मात्र उरलेल्या रकमेहून जास्त निघाली. त्याखालचा शेराही सोडू नका. 'कारणं कळवलेली नाहीत' हे वाक्य पुन्हापुन्हा भेटतं आणि माझ्या मते पुष्कळदा आकड्यापेक्षा तेच जास्त सांगून जातं.

यांतही उणिवा आहेतच. लेखे उशिरा हाती येतात. रचना मागणीनुसार असल्यानं एकच विषय फुटतो: 2210 हा सांकेतांक म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, पण त्याचा खर्च सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण अशा दोन खात्यांच्या मागण्यांत वाटला जातो. आरोग्यावर एकूण किती, असा प्रश्न असेल तर सरळ वित्त लेखे घ्यावेत, तिथे प्रधान शीर्षाखाली (2210 सारख्या चार आकडी मुख्य सदराखाली) सगळं एकत्र येतं. भांडवली 4210 तेवढं वेगळं मिळवा. मात्र दोन्हींचे आकडे तसेच एकमेकांना लावू नका. विनियोजन लेख्यांतला खर्च ढोबळ, म्हणजे वसुली वजा न करता, असतो, वित्त लेख्यांतला वसुली वजा जाता. फरक दिसला म्हणून चूक सापडली असं नव्हे. ताळमेळाचा तक्ता विनियोजन लेख्यांतच असतो.

एक फट तिन्हींत राहते, कारण हिशोब रोखीचा आहे, पैसे निघाले की खर्च धरला जातो. मार्चअखेर पैसे काढून 8443 खालच्या वैयक्तिक ठेव खात्यात (अधिकाऱ्याच्या नावानं ठेवलेल्या सरकारी ठेवीत) टाकले की एकत्रित निधीच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीच्या, हिशोबी ते खर्च झाले, भले काम सुरूही नसो. त्यासाठी वित्त लेख्यांतलं लोकलेख्याचं (ठेवींसारख्या, मुख्य तिजोरीबाहेरच्या रकमांचं) विवरण बघावं लागतं, निदान वर्षअखेरची शिल्लक तरी.

तुम्हाला चालू वर्षावरच लिहायचं असेल तर माझी पसंती कामाची नाही. अर्थसंकल्पच धरा, फक्त दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक आधी उतरवून ठेवा.