इन्व्हर्टर लागला अन् कॉम्प्युटर गोठू लागला: चौदा महिन्यांचा अनुभव

हा डेस्कटॉप चौदा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, यवतमाळहून असेंबल करून आणला. बाराव्या पिढीचा आय-3, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी, विंडोज 11. गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीकविमा, एवढंच काम. पहिले सात महिने काही कुरकुर नाही. लाइन दिवसातून दोन-तीनदा जायची, मशीन धाडकन बंद पडायचं, पण लाइन आली की मुकाट चालू.

जूनमध्ये इन्व्हर्टर घेतला, त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवलं, म्हणजे लाइन गेली तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही. आता सुटलो म्हटलं. अन् तिथूनच पीडा लागली.

जुलैत पीकविम्याची गर्दी. एका काकांचा फॉर्म शेवटच्या पानावर असताना स्क्रीन थिजली. कोपऱ्यातलं घड्याळ 11.42 वर थांबलेलं, माउस हलेना, कॅप्स लॉक दाबलं तरी कीबोर्डचा दिवा लागेना. पंखा मात्र फिरतोय. काका म्हणाले, "लाइन त हाये ना भाऊ?" लाइन होती, तेच तर दुखणं. बटण पाच सेकंद दाबून बंद केलं, फॉर्म पहिल्यापासून भरला. पुढे दर आठ-दहा दिवसांनी हेच.

मेकॅनिक म्हणाला, गरम होते. थर्मल पेस्ट बदलली, मग रॅमही बदलली, अठराशे गेले. पण माझं डोकं एका गोष्टीवर अडकलं होतं. मे महिन्यात 45 अंशांत, टिनाच्या छपराखाली जे मशीन अडकलं नाही, ते पावसाळ्यात कसं अडकतं? विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर 41 ही नोंद दिसायची. त्यावरून पॉवर सप्लायवर संशय घेऊ नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढंच ती नोंद सांगते. बटण तर मीच दाबलं होतं.

एक दिवस टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू उघडलं. खाली अप टाइम, म्हणजे विंडोज किती वेळ चालू आहे ते: 8:03:51:20. आठ दिवस! मी तर रोज रात्री शटडाउन करून कुलूप लावतो. नागपूरला शिकणाऱ्या भाच्यानं फोनवर उलगडा केला. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शटडाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हरांसकट, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्ट केलं तरच सगळं कोरं होतं. किंवा चालू मशीनची लाइन गेली तर! म्हणजे इन्व्हर्टर येईपर्यंत वीजवालेच माझं मशीन रोज कोरं करत होते, अन् मी त्यांना शिव्या घालत होतो.

मग टास्क मॅनेजरच्याच मेमरीच्या पानावर नॉन-पेज्ड पूलचा आकडा पाहायला लागलो. ही ड्रायव्हरांची मेमरी, ती डिस्कवर सरकवता येत नाही. आवक रजिस्टरच्या समासात रोज लिहिलं: रीस्टार्टनंतर 300 एमबी, तिसऱ्या दिवशी 1.4 जीबी, आठव्या दिवशी 3.4 जीबी. कुणीतरी मेमरी घेत होतं अन् परत देत नव्हतं, ती भरत आली की मशीन थिजायचं. भाच्यानं पूलमॉन नावाचं मायक्रोसॉफ्टचं छोटं साधन चालवायला लावलं. पी दाबून नॉन-पेज्ड, बी दाबून आकारानं क्रम. सगळ्यांत वर चार अक्षरांचा टॅग, म्हणजे मेमरी घेणाऱ्याची खूण, आला. तो ड्रायव्हरच्या फाइलींत शोधला तर निघालं मदरबोर्डच्या सीडीतून आलेलं, इंटरनेट 'वेगवान' करणारं जादा सॉफ्टवेअर. मी कधी उघडलंही नव्हतं ते!

ते काढलं, लॅन कार्डचा साधा ड्रायव्हर टाकला. फास्ट स्टार्टअपही बंद केलं: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करायचं ते पान, तिथली टिक काढायची. टिक धूसर दिसली तर वरची सेटिंग बदलण्याची ओळ आधी दाबा. नुसतं फास्ट स्टार्टअप बंद केलं असतं तरी अडकणं थांबलं असतं, पण मेमरीची गळती तशीच राहिली असती. सुरू व्हायला आता थोडे सेकंद जास्त लागतात, तेवढे चालतात. दिवाळीच्या आधी हे केलं, तेव्हापासून एकदाही अडकलं नाही. आकडा संध्याकाळीही 300 च्या आसपासच असतो.

मशीनबद्दल तक्रार म्हणाल तर एकच, पुढची जाळी. शेजारी कापसाचा काटा आहे, वेचणीच्या दिवसांत आठवड्याला ब्रश मारावाच लागतो. जुनी रॅम चांगली निघाली, ती परत बसवली. आता 16 जीबी झाली, आम्हाला नको होती तरी.