पुण्यातलं मेमरी क्लिनिक : टेस्ट एक नंबर, काउंटर बेकार (३.५ स्टार)

नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे. पुण्यातलं एक प्रायव्हेट मेमरी क्लिनिक, एवढंच समजा. एचआयव्ही असलेल्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

मी पॉझिटिव्ह आहे, सरकारी एआरटी सेंटरवरून (एचआयव्हीची औषधं मिळतात ते) बरीच वर्षं गोळ्या चालू, आता टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एकच गोळी, आणि रक्तात व्हायरस इतका कमी की टेस्टमधे सापडत नाही. तरी हल्ली टॅलीत एंट्री मारायचा स्पीड गेला, आणि जीएसटीचं काम चालू असताना मधेच कोणी हाक मारली की कुठवर आलो होतो तेच कळेना. घरी म्हणतात वय झालं, पन्नाशी उलटली. सेंटरवरच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या दादा एकदा तपासून घ्या ना, व्हायरस मेंदूत पण जातो. म्हणून गेलो.

सायकॉलॉजिस्ट ताईंना पाच स्टार. आधी छोटी टेस्ट घेतली, खास एचआयव्हीसाठीच केलेली आहे म्हणे. चार शब्द लक्षात ठेवायचे, मग डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ५ सेकंद जमेल तेवढं पटापट एकमेकांवर आपटायचं, मग मूठ, पालथा तळवा, हाताची कड असं क्रमाने टेबलावर ठेवत राहायचं, आणि शेवटी ते चार शब्द परत सांगायचे. १२ पैकी १० किंवा कमी आले की पुढच्या मोठ्या टेस्ट. मला शब्द सगळे आठवले हो, पण हाताच्या त्या क्रमात पार गंडलो!

मग ताईंनी नीट समजावलं, जे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच व्हायरस रक्तातल्या पेशींवर बसून मेंदूत पोचतो. मेंदूच्या मुख्य पेशींना, म्हणजे न्यूरॉन्सना तो थेट धरत नाही, मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशींत घर करतो, त्यांनी सोडलेल्या विषारी रसायनांनी आणि सततच्या सुजेने न्यूरॉन्सची वाट लागते. जास्त मार बसतो तो खोलवरच्या बेसल गँग्लियाला आणि पांढऱ्या भागातल्या वायरिंगला, म्हणून अल्झायमरसारखं नावं विसरणं कमी आणि स्पीड, लक्ष, एकावेळी दोन कामं हे आधी जातं. माझी टॅली अगदी हीच की! आणि सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कधीकाळी फार खाली गेला असेल तर धोका जास्त, माझा गेला होता.

घाबरू नका पण. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, २०१० मधे आलेल्या, एचआयव्ही असलेल्या साधारण अर्ध्या लोकांचे टेस्टमधले मार्क कमी निघाले, पण खरा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) फक्त २ टक्के. आणि २०२३ मधे तज्ज्ञांनीच म्हटलंय की नुसते मार्क कमी आले म्हणून आजाराचा शिक्का मारू नका, रोजच्या कामात त्रास आहे का, डिप्रेशन, झोप, बी१२, थायरॉइड हे बघा. ताईंनी हे सगळं विचारलं. शिक्षण किती तेही विचारलं, कारण मार्क त्यावरही ठरतात. आपल्याकडे मराठी माणसांचे आकडे हवेत खरं तर, आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) असल्या टेस्टांचा टूल बॉक्स केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममधे. आपण राहिलो, नेहमीप्रमाणे.

एमआरआय पॅकेजमधेच चिकटवलाय, तो वेगळा करता यायला हवा. शेकडो पॉझिटिव्ह लोकांची सरासरी काढली की मेंदू थोडा आकसलेला दिसतो हे खरं, पण एकट्या माणसाच्या फोटोवरून हे व्हायरसमुळे का वयामुळे ते सांगता येत नाही. टॉक्सो (मेंदूतला एक जंतुसंसर्ग), टीबी, स्ट्रोक असलं काही नाही ना, एवढ्यासाठी मात्र कामाचा. माझा नॉर्मल आला, खिसा हलका झाला.

आता काउंटर. एक तर रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मोठ्याने "एचआयव्हीवाली फाइल कुठंय"! अहो २०१७ चा कायदा आहे, संमतीशिवाय कोणाचं स्टेटस असं जाहीर करता येत नाही. दुसरं म्हणजे निघताना न विचारता हातात मेमरी टॉनिक दिलं, बिलात लावून. लेबल वाचलं तर लोह, कॅल्शियम, झिंक. टीएलडीतलं डोल्युटेग्रॅविर असल्या क्षारांना चिकटलं की अंगाला कमी लागतं, गोळी टॉनिकच्या २ तास आधी नाहीतर ६ तास नंतर घ्यावी लागते. म्हणजे मेंदूसाठी म्हणून दिलेलं टॉनिक व्हायरसला दाबणाऱ्या गोळीलाच आडवं जाणार, आणि काउंटरवरच्या एकानेही विचारलं नाही की तुम्ही काय घेता! परत केलं, पैसे मिळाले, भांडून.

जायचं असेल तर चष्मा आणि सेंटरचं हिरवं पुस्तक (आपल्या औषधांच्या नोंदीचं) बरोबर न्या, सकाळची वेळ घ्या, आणि पैसे भरायच्या आधी बिलातली एकेक ओळ विचारा. सेंटरवरच्या डॉक्टरना रिपोर्ट दाखवलाय, ते म्हणाले गोळ्या ह्याच ठेवू, वर्षाने परत टेस्ट, बीपी शुगर सांभाळा. टेस्टसाठी त्याच ताईंकडे जाणार, बाकी काउंटरवरून काही घेणार नाही.