ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर बदलताना: एसटी की एलटी, लोड रेंज सी, डी की ई?

आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचा, टायर फुटला तेव्हा त्याची नक्षी जवळपास नव्यासारखी होती. हायवेवर उजव्या बाजूच्या मागच्या टायरची वरची पट्टी सोलून निघाली, चाकावरचं पत्र्याचं आवरण तिने फाडून नेलं आणि ती खालच्या गॅसच्या नळीपासून वीतभर अंतरावरून गेली. मुलं पुढे गाडीत होती. ती गॅसची नळी मी आजही विसरलेलो नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

घरी परतल्यावर मी पहिल्यांदाच टायरवरचे आकडे नीट वाचले. टायर एसटी (फक्त ट्रेलरसाठीचा) २०५/७५ आर १४ (१४ इंची रिमचा), लोड रेंज सी. लोड रेंज म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याची पायरी, अक्षर जितकं पुढचं तितकं वजन जास्त. एका टायरची क्षमता १७६० पौंड, म्हणजे एका एक्सलवरच्या दोन टायरची ३५२० पौंड. आणि एक्सलची क्षमता किती? ३५०० पौंड. मधे शिल्लक २० पौंड, म्हणजे जेमतेम अडीच गॅलन पाण्याचं वजन. ट्रेलर कारखान्यातून असाच बाहेर पडला होता आणि कागदावर त्यात काही चूक नव्हती.

टायर निवडताना ब्रँडच्या आधी हीच वजाबाकी करावी, असं माझं ठाम मत आहे. टायरची क्षमता वजा एक्सलची क्षमता. ही शिल्लक एक्सलच्या क्षमतेच्या १५ टक्क्यांच्या खाली असेल तर कितीही चांगल्या नावाचा टायर घेतला तरी तो कायम शेवटच्या दमावर धावणार.

नेहमी लागणाऱ्या मापांची तुलना अशी (एलटी म्हणजे पिकअप ट्रकचा टायर):

| माप | लोड रेंज | हवा (पीएसआय) | एका टायरची क्षमता (पौंड) | एका एक्सलवर दोन मिळून (पौंड) |
|---|---|---|---|---|
| एसटी २०५/७५ आर १४ | सी | ५० | १७६० | ३५२० |
| एसटी २०५/७५ आर १४ | डी | ६५ | २०४० | ४०८० |
| एसटी २०५/७५ आर १५ | सी | ५० | १८२० | ३६४० |
| एसटी २०५/७५ आर १५ | डी | ६५ | २१५० | ४३०० |
| एसटी २२५/७५ आर १५ | डी | ६५ | २५४० | ५०८० |
| एसटी २२५/७५ आर १५ | ई | ८० | २८३० | ५६६० |
| एसटी २३५/८० आर १६ | ई | ८० | ३४२० | ६८४० |
| एलटी २३५/८५ आर १६ | ई | ८० | ३०४२ | ६०८४ |

क्षमतेचे हे आकडे टायर थंड असताना तेवढी हवा भरलेली असेल तरच खरे असतात. लोड रेंज ईच्या २२५/७५ आर १५ टायरमध्ये ६५ पीएसआयच हवा भरली तर तो डीइतकंच, म्हणजे २५४० पौंड वजन घेतो. जास्तीचे पैसे मोजून टायर घ्यायचा आणि हवा जुन्या सवयीने भरायची, तर वाढीव क्षमता हाती लागत नाही.

सी की डी, डी की ई?

मापाला हात न लावता लोड रेंज एका पायरीने वाढवणं हा बहुतेकांसाठी सर्वांत सोपा आणि सर्वांत फायद्याचा बदल आहे. आमच्या ३५०० पौंडांच्या एक्सलवर सीऐवजी डी घातल्यावर शिल्लक २० पौंडांवरून ५८० पौंडांवर गेली. टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे तो चाकाच्या खोबणीत बसेल का ही चिंता उरत नाही.

अट मात्र एक आहे, आणि दुकानात ती हमखास राहून जाते: रिम. रिमलाही वजनाची आणि हवेच्या दाबाची मर्यादा असते. ५० पीएसआयसाठी बनवलेल्या रिमवर ६५ चा टायर चढवून चालत नाही. कमाल वजन बहुतेक वेळा रिमच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं. दाबाचा आकडा तिथे नसेल तर रिम बनवणाऱ्याकडून तो मागून घ्यावा. व्हॉल्व्हचंही तसंच. साधे दाबून बसवायचे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतात, ८० साठी जास्त दाबाचे व्हॉल्व्ह लागतात. मी म्हणेन, सरळ धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. पुढे हवेच्या दाबाचे सेन्सर लावायचे झाले तर त्यांचं वजनही हे व्हॉल्व्ह पेलतात.

एसटी की एलटी?

एसटी टायर फक्त ट्रेलरसाठी असतात, एलटी पिकअप ट्रकसाठी. एसटीची बाजूची भिंत ताठ असते, त्यामुळे ट्रेलर कमी डोलतो. साधारण त्याच मापाच्या एलटीपेक्षा एसटी जास्त वजन घेतो, पण या जास्तीच्या आकड्यामागे एक गृहीतक आहे. एसटीची क्षमता मुळात ताशी ६५ मैलांच्या वेगाला धरून ठरवली गेली. आता अनेक एसटी टायरवर त्याहून वरचं स्पीड रेटिंग असतं: एल म्हणजे ताशी ७५ मैल, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७. तरी ओढताना मी स्वतः ६५ ओलांडत नाही. टायरला मारते ती उष्णता, आणि वेग व ओझं दोन्ही तीच वाढवतात.

एलटीच्या बाजूने बोलणारा मुद्दा चाचण्यांचा आहे. हलक्या वाहनांच्या रेडियल टायरसाठी अमेरिकेत एफएमव्हीएसएस १३९ हा नवा, अधिक कडक नियम आहे, आणि लोड रेंज ईपर्यंतचे एलटी टायर त्यात येतात. एसटी टायर त्यातून वगळलेले आहेत, ते जुन्याच नियमांवर तपासले जातात. म्हणून प्रत्येक एसटी वाईट असं होत नाही, पण एसटीमधला स्वस्त टायर आणि चांगला टायर यांतलं अंतर मोठं का असतं, ते यावरून लक्षात येतं.

मग सगळ्यांनी एलटीच का घेऊ नये? तक्त्यातल्या शेवटच्या दोन ओळी पाहा. ५२०० पौंडांच्या एक्सलवर १६ इंची रिम असेल तर एलटी २३५/८५ आर १६ घालून ८८४ पौंड शिल्लक राहतात, म्हणजे १७ टक्के. तिथे मी डोळे झाकून एलटी घेईन. एक्सल ६००० पौंडांचा असेल तर शिल्लक ८४ पौंडांवर येते, तिथे एसटीच बरा, त्याची शिल्लक निदान १४ टक्के राहते. ७००० च्या एक्सलला यातला कोणताच पुरत नाही, लोड रेंज एफ किंवा जीकडे जावं लागतं. शिवाय हा एलटी टायर एसटी २३५/८० पेक्षा जवळपास एक इंच उंच असतो. दोन एक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या-मागच्या टायरमधली फट आणि वरच्या खोबणीतली मोकळी जागा फूटपट्टीने मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. स्प्रिंग दबल्यावर टायर वर सरकतो, तेवढी जागाही सोडायची असते.

१४ आणि १५ इंची रिमवाल्यांसाठी हा वाद जवळपास संपलेलाच आहे, कारण त्या मापात पुरेशा क्षमतेचे एलटी टायर फारसे मिळत नाहीत.

कारचे टायर लावू नका. ट्रेलरवर लावताना त्यांची लिहिलेली क्षमता १.१० ने भागावी लागते, म्हणजे २००० पौंडांचा टायर १८१८ चाच उरतो. त्यात बाजू मऊ असल्याने ट्रेलर झुलतो. जुन्या धाटणीचे, आतले धागे तिरपे असलेले बायस प्लाय टायर अजून मिळतात, पण लांबच्या रस्त्यावर रेडियल (मापातला आर तोच) थंड राहतो आणि जास्त टिकतो. लांबचा प्रवास करणाऱ्याने बायसचा विचार करायला नको, आणि एकाच ट्रेलरवर दोन्ही प्रकार मिसळू तर नयेच.

एसटीमध्ये कोणता?

गुडइयर एन्ड्युरन्स २०१७ मध्ये आला. त्याआधी याच कंपनीचा मॅरेथॉन होता, तो २२५/७५ आर १५ मध्ये डी होता, एन्ड्युरन्स त्याच मापात ई आहे. २०५/७५ च्या दोन्ही मापांत तो डी मिळतो. अमेरिकेत बनतो, स्पीड रेटिंग एन. आमच्या ट्रेलरवर आता हेच आहेत आणि मी समाधानी आहे.

मॅक्सिस या तैवानी कंपनीच्या एम८००८ टायरनेही ट्रेलरवाल्यांचा विश्वास पुष्कळ वर्षांपासून कमावला आहे. २२५/७५ आर १५ मध्ये तो डी आणि ई दोन्हींत मिळतो. ज्यांच्या रिमला ६५ पीएसआयचीच मर्यादा आहे त्यांना डीचा हा पर्याय सोयीचा. कार्लाइल रेडियल ट्रेल एचडी तिसरा, ट्रेलर टायरमधलं जुनं नाव. ३५०० पौंडांच्या एक्सलवर डी घालून भरपूर शिल्लक राहत असेल तर तो घ्यायला माझी हरकत नाही. एक्सल क्षमतेच्या जवळ भरत असेल तर मात्र मी पहिल्या दोघांतूनच निवडेन.

नाव कधी न ऐकलेला, चौघांचा संच एकदम स्वस्तात मिळणारा टायर? फुटलेला टायर नुसता टायर घेऊन जात नाही. पत्रा, वायर, सांडपाण्याची नळी, सगळं फाडतो. दुरुस्तीचं बिल चार चांगल्या टायरच्या पुढे जातं, हे मी भरून पाहिलं आहे.

दोन एक्सलचा एक छुपा त्रास

कॅम्पसाइटमध्ये ट्रेलर मागे घेताना अगदी कोनात वळवला की पुढचे-मागचे टायर एकमेकांविरुद्ध आडवे घासले जातात. आरशात पाहा, टायर अक्षरशः कूस बदलताना दिसतात. त्या वेळी आतले पोलादी पट्टे एकमेकांपासून सुटू पाहतात. बाहेरून काही दिसत नाही. पुढे कधीतरी, तापलेल्या रस्त्यावर, वेगात असताना पट्टी सुटते. आमच्या टायरचंही असंच झालं असावं, कारण नक्षी शाबूत होती आणि हवा सकाळीच तपासली होती. यावर टायर बदलणं हा उपाय नाही. वळण मोठं घ्यावं, एका झटक्यात वळवण्यापेक्षा पुढे-मागे करून बसवावं. हवा कमी असेल तर हा ताण वाढतो, म्हणून एसटी टायरमध्ये मी बाजूला लिहिलेली कमाल हवाच भरतो, तीही सकाळी, निघण्याआधी, टायर थंड असताना. तापमान १० अंश फॅरनहाइटने बदललं की दाब साधारण २ टक्क्यांनी बदलतो. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसली म्हणून सोडू नका.

दुकानात पोचल्यावर

पैसे देण्याआधी डीओटी या अक्षरांपुढच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. हे चार आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात आणि टायर बसवल्यावर ती बाजू आत जाते, म्हणून चढवण्याआधीच पाहा. सहा महिन्यांपेक्षा जुना टायर मी परत करतो. ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने उन्हात उभा असतो, रबर उभ्या उभ्याच म्हातारं होतं. पाच वर्षं झाली की नक्षी कितीही भरलेली असो, मी टायर बदलतो. स्टेपनीचीही तारीख वाचा. ती बहुधा ट्रेलरइतकीच जुनी निघते.

खरं वजन माहीत नसेल तर टायर घेण्याआधी ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर न्या. पाण्याची टाकी भरलेली ठेवा, ४० गॅलन म्हणजे ३३० पौंडांहून जास्त. काटा दोन्ही एक्सलचं मिळून वजन देतो, डावं-उजवं वेगळं दाखवत नाही. स्वयंपाकघर आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचे टायर सरासरीपेक्षा बरंच जास्त ओझं वाहतात. वरची १५ टक्के शिल्लक मी त्यासाठीच धरतो.

आणि चाकं बसवल्यावर साधारण ५० मैलांनी थांबून सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, किती आवळायचे तो आकडा ट्रेलरच्या माहितीपुस्तिकेत असतो. आमच्या एका चाकाचे दोन नट पहिल्याच थांब्यावर सैल निघाले होते.